खोटं बोलावं लागेल म्हणून वकिली सोडली, आणि त्याच माणसाने देशाच्या दाराला भरवशाचं कुलूप लावलं

घरातलं लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असू द्या, आपल्याकडे त्याला गोदरेजचं कपाटच म्हणतात. आईच्या पाटल्या, जमिनीचे सातबारे, एलआयसीचे कागद, वडिलांचं पेन्शनचं पासबुक, सगळं त्याच्याच आतल्या लॉकरमध्ये. आणि लॉकरची किल्ली साड्यांच्या घडीखाली. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी ते गुपितच असतं.

साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात तर हे नाव रोजचं. लोणावळ्याजवळचं खंडाळा वेगळं, हे पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागणारं. नीरा नदी ओलांडली की शिरवळ येतं आणि तिथल्या औद्योगिक पट्ट्यात गोदरेजचा फ्रिज, वॉशिंग मशीनचा कारखाना आहे. रोज शिफ्टला जाणाऱ्या पोरांच्या ओळखपत्रावर जे आडनाव असतं, ते आधी फ्रिजवर नव्हतं, कपाटावरही नव्हतं. ते सगळ्यात आधी होतं कुलपावर.

आज घराच्या सुरक्षेचा बाजार मोठा झालाय. सीसीटीव्ही, सायरन, दाराला सेन्सर, मोबाईलवर ॲप. प्रत्येक विक्रेता सांगतो की आमची सिस्टीम लावा आणि निवांत झोपा. पण गिऱ्हाईकाला पडणारा प्रश्न जुनाच आहे, या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा कसा? सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका तरुणाने याच प्रश्नावर आपला सगळा धंदा उभा केला. त्याचं नाव अर्देशिर गोदरेज.

मुंबईतलं पारशी घर आणि राजाबाई टॉवर

अर्देशिर यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईतला. वडील बर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत अर्देशिर थोरले. घरचा व्यवसाय जमीनजुमल्याचा, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. या घराण्याचं मूळ आडनाव गुथेराजी. १८७१ मध्ये बर्जोरजींनी ते बदलून गोदरेज असं केलं. पुढे हे आडनाव अर्ध्या भारताच्या दारावर लागणार आहे, याची तेव्हा त्यांनाही कल्पना नसणार.

१८९० मध्ये अर्देशिर यांचं बचुबाईंशी लग्न झालं. संसार जेमतेम वर्षभराचा झाला होता. एप्रिल १८९१ मध्ये बचुबाई नात्यातल्या एका मुलीबरोबर मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर गेल्या. शहराचा नजारा बघायला तेव्हा लोक त्या टॉवरवर चढायचे. तिथून खाली कोसळून दोघींचाही मृत्यू झाला.

अख्खी मुंबई या घटनेने हादरली. दोघींवर अतिप्रसंगाचा प्रयत्न झाला असा संशय होता. खटला उभा राहिला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, सभा झाल्या. पण आरोपी निर्दोष सुटला आणि वर नेमकं काय घडलं, याचा शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

अर्देशिर तेव्हा २३ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

पहिला धंदा वकिलीचा, तो खरेपणापायी गेला

अर्देशिर कायदा शिकले. १८९४ मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर फर्मने त्यांना एका खटल्यासाठी पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारला पाठवलं. नव्या वकिलाला परदेशातली केस मिळणं म्हणजे नशीबच उघडलं म्हणायचं.

पण कामाला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अशिलाची बाजू मांडायची, तर जे खरं वाटत नाही ते खरं म्हणून कोर्टात सांगावं लागेल. बाकीच्यांसाठी तो पेशाचा भाग होता. अर्देशिर यांना ते जमलं नाही. त्यांनी केस सोडली, वकिली सोडली आणि मुंबईला परत आले.

घरी आला तो शिकलेला, पण बिनकामाचा मुलगा. आजच्या भाषेत सांगायचं तर डिग्री घेतली, चांगलं प्लेसमेंट मिळालं आणि तत्त्वासाठी राजीनामा देऊन घरी बसला. घरच्यांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा धंदा एका शिक्क्यावरून बुडाला

मग अर्देशिर एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून लागले. तिथे त्यांचं लक्ष ऑपरेशनच्या हत्यारांकडे गेलं. चाकू, कात्र्या, चिमटे, सगळं इंग्लंडहून यायचं. हे इथे का बनू नये, असा विचार डोक्यात पक्का झाला.

भांडवलासाठी ते वडिलांचे मित्र मेरवानजी कामा यांच्याकडे गेले. कामा हे मुंबईतलं वजनदार आणि दानशूर नाव. त्यांनी ३,००० रुपये कर्जाऊ दिले. त्या काळात ही रक्कम छोटी नव्हती.

अर्देशिर यांनी हत्यारं बनवली आणि चांगली बनवली. ती विकणार होती एक इंग्रज मालकाची कंपनी. मालाच्या दर्जाबद्दल तक्रार नव्हती, गाडी अडली शिक्क्यावर. हत्यारांवर भारतात बनवल्याचा शिक्का असावा, यावर अर्देशिर ठाम होते. असा शिक्का दिसला तर डॉक्टर हात लावणार नाहीत, असं मालकाचं म्हणणं. दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही आणि धंदा तिथेच संपला.

दोनदा सुरुवात, दोनदा माघार. कारण दोन्ही वेळेला एकच, जे खरं आहे ते लपवायचं नाही. वर डोक्यावर कामांचं कर्ज.

प्लेगचं साल आणि चोऱ्यांच्या बातम्या

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग शिरला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावाकडे गेले. चाळीच्या चाळी रिकाम्या, दारांना कुलपं. हाच प्लेग पुण्यात पोहोचला आणि रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचं जन्मगाव नायगाव याच खंडाळा तालुक्यातलं. त्या वर्षाने महाराष्ट्राला किती ठिकाणी घाव घातले, याचा यावरून अंदाज येतो.

त्याच काळात अर्देशिर यांच्या वाचनात मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी आली. चोऱ्या वाढल्या होत्या आणि लोकांनी आपापल्या घरा-दुकानांची सुरक्षा नीट करावी, असं पोलीस आयुक्तांनीच सुचवलं होतं.

इतरांनी बातमी वाचून कडी तपासली असेल. अर्देशिर यांना त्यात धंदा दिसला.

तेव्हा परिस्थिती कशी होती? जुन्या वाड्यांना आतून अडसर असायचा, बाहेरून कडी-कोयंडा. सोनंनाणं हंड्यात घालून जमिनीत पुरायची पद्धत होती. वाड्यात माणसं असायची, त्यामुळे ते चालून जायचं. पण शहरातल्या खोलीत अडसर कोण लावणार? माणूस कामावर गेला की मागे फक्त कुलूप. आणि बाजारातल्या कुलपांचे प्रकार दोन. एक विलायती, ते सगळ्यांना परवडायचं नाही. दुसरं इथल्या कारागिरांनी हाताने घडवलेलं. त्यातली बरीच अशी, की एकाची किल्ली दुसऱ्याला लागायची.

अर्देशिर पुन्हा कामांकडे गेले. आधीचे पैसे फेडलेले नसताना पुन्हा मागायला जाणं सोपं नव्हतं. पण या माणसाने धंदा का बुडवला, हे कामांना माहीत होतं. त्यांनी पुन्हा पैसे दिले.

७ मे १८९७ ला लालबागमध्ये गॅस कंपनीजवळ एका शेडमध्ये काम सुरू झालं. जागा २१५ चौरस फूट, म्हणजे आजच्या वन आरकेपेक्षाही लहान. गुजरात आणि मलबारकडून आलेले डझनभर कारागीर आणि वाफेवर चालणारं यंत्र. आजूबाजूला गिरण्या. सातारा, रत्नागिरीकडचे हजारो लोक त्या गिरण्यांत राबायचे आणि चाळीत एका खोलीत अनेक जण राहायचे. ज्याच्या त्याच्या पत्र्याच्या पेटीला ज्याचं त्याचं कुलूप. गिऱ्हाईक काही लांब नव्हतं.

कुलपाच्या पोटात काय असतं

इथे थोडं कुलूप समजून घेऊ, म्हणजे अर्देशिर यांनी काय केलं ते कळेल.

चांगल्या कुलपात पितळी किंवा लोखंडी पट्ट्यांची चळत असते. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. किल्लीचे दात फिरले की प्रत्येक लिव्हर ठरलेल्या उंचीवर उचलला जातो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच आतला खिळा पुढे सरकतो आणि कुलूप उघडतं. एक जरी लिव्हर कमी किंवा जास्त उचलला गेला, तर कुलूप जागचं हलत नाही. म्हणून लिव्हर जितके जास्त आणि घडण जितकी अचूक, तितकं कुलूप भारी.

अडचण अचूकतेची होती. हाताने घडवलेल्या कुलपात केसभर फरक राहतो, आणि तेवढ्या फरकात दुसरी किल्ली बसते. अर्देशिर यांनी म्हणूनच यंत्रावर भर दिला. त्यांची पहिली कुलपं अँकर नावाने बाजारात आली. सोबत हमी होती की प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी, ती दुसऱ्या कुलपाला लागणार नाही.

आज हे साधं वाटतं. तेव्हा कुलपावर अशी हमी देणं म्हणजे स्वतःचं नाव पणाला लावणं होतं. एक जरी गिऱ्हाईक शेजाऱ्याची किल्ली घेऊन आलं असतं, तरी विषय संपला असता.

पुढची अडचण स्प्रिंगची. लिव्हर खाली दाबून ठेवायला स्प्रिंग लागते. ती गंजते, ढिली पडते, एखाद्या दिवशी तुटते. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. मग मालकच घराबाहेर उभा आणि कुलूप तोडायला लोहार. अर्देशिर यांनी स्प्रिंगशिवाय चालणारं कुलूप तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. बिघडू शकणारा भागच काढून टाकायचा, असा हा सरळ विचार.

दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

अर्देशिर यांची दोन कुलपं आजच्या अलार्मच्या गिऱ्हाईकाने मुद्दाम समजून घ्यावीत अशी आहेत.

पहिलं गॉर्डियन कुलूप. याला दोन किल्ल्या. दोन्हींनी कुलूप उघडायचं आणि लागायचं. पण त्यातल्या एका किल्लीने कुलपाच्या आतली मांडणीच बदलता यायची. ती बदलली की दुसरी किल्ली निकामी. म्हणजे समजा एक किल्ली मुनिमाकडे किंवा नोकराकडे आहे आणि त्याने काम सोडलं. कुलूप बदलायची गरज नाही, मालकाने आपली किल्ली फिरवली की जुन्या नोकराची किल्ली बाद. आज आपण फोन हरवल्यावर पासवर्ड बदलतो, तेच काम.

दुसरं डिटेक्टर कुलूप, म्हणजे शुद्ध मराठीत चुगली करणारं कुलूप. कुणी भलतीच किल्ली घालून ते उघडायचा प्रयत्न केला, की आतला एक बोल्ट सटकायचा आणि कुलूप अडकून बसायचं. मालक आला की त्याला लगेच कळायचं, माझ्या माघारी इथे कुणीतरी हात लावलाय. मूळ किल्लीनेच ते पुन्हा जागेवर यायचं.

ही कल्पना जगात नवी नव्हती. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाल्यावर जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये असंच डिटेक्टर कुलूप बनवलं होतं. अनेक वर्षं ते कुणालाच उघडता येत नाही असं मानलं जायचं. मग १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने साक्षीदारांसमोर साधारण २५ मिनिटांत ते उघडून दाखवलं. इंग्लंडच्या अभिमानाला चांगलाच धक्का बसला. पण कुलूप बनवणाऱ्यांना त्यातून शहाणपण मिळालं. कुठलंही कुलूप कायमचं अजिंक्य नसतं. ते चोराला किती वेळ रोखतं आणि मालकाला काय सांगतं, हे महत्त्वाचं.

दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, अमेरिकेत बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की विजेचं वर्तुळ पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. पुढे एडविन होम्स यांनी ते हक्क घेतले आणि त्याचा मोठा धंदा केला. आज आपल्या दाराला जो छोटा पांढरा चुंबकाचा सेन्सर लावतात, तो याच घराण्यातला.

लालबागच्या शेडमध्ये वीज नव्हती, घंटा नव्हती. पण अर्देशिर यांचं डिटेक्टर कुलूप जे काम करायचं, तेच आजचा अलार्म करतो. चोर आला होता, एवढी खबर तो देतो. चोराला पकडायला तो जात नाही. हा फरक ज्याला कळला, तो अलार्म विकत घेताना फसत नाही.

बॉइस कुठून आले?

कंपनीचं नाव गोदरेज अँड बॉइस. अनेकांना वाटतं, बॉइस कुणीतरी इंग्रज साहेब असणार. तसं काही नाही. कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा मेरवानजी कामा यांनी अर्देशिर यांच्याकडे एकच इच्छा व्यक्त केली, आपल्या पुतण्याला भागीदार करून घ्यावं. त्या पुतण्याचं आडनाव बॉइस. अर्देशिर यांनी शब्द पाळला. बॉइस यांचं मन धंद्यात रमलं नाही, ते थोड्याच काळात बाहेर पडले. नाव मात्र तसंच ठेवलं गेलं, ते आजपर्यंत आहे.

पुढे धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले. अर्देशिर यांच्या डोक्यात नव्या वस्तू यायच्या, तर पिरोजशा कारखाना आणि बाजार सांभाळायचे. जोडी जमली.

तिजोरी, आणि आगीची परीक्षा

कुलपं चालली तसं अर्देशिर यांनी तिजोरीकडे लक्ष वळवलं. १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली.

बाजारातल्या तिजोऱ्यांचा त्यांनी आधी नीट अभ्यास केला. दोष कुठे होते? सांध्यांत. पत्रे एकमेकांना जोडून पेटी केली की चोर त्या जोडात पाचर ठोकतो आणि पेटी फाकवतो. अर्देशिर यांनी पत्रा तोडून जोडण्याऐवजी वाकवून पेटी तयार केली, एकूण सोळा वाक असलेली. जितके जोड कमी, तितकी पाचरेला जागा कमी. दाराला दुहेरी पत्रा, आणि कुलूप आतल्या पत्र्याला बसवलेलं, म्हणजे बाहेरून घाव घातला तरी ते सुटून पडणार नाही.

दुसरा शत्रू आग. लोखंडी पेटी जळत नाही, पण तापते आणि आतल्या नोटा, दस्तऐवज कोळसा होतात. सावकाराच्या दृष्टीने हिशेबाची वही जळणं म्हणजे सोनं चोरीला जाण्याइतकंच. म्हणून चोर आणि आग, दोन्हींना तोंड देणारी तिजोरी हवी, हे अर्देशिर यांनी ठरवूनच टाकलं होतं.

नाव हळूहळू होत गेलं. १९११-१२ मध्ये इंग्लंडचे राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात आले, तेव्हा त्यांच्या दौऱ्यात गोदरेजची तिजोरी वापरली गेली. ज्या राज्यकर्त्यांच्या बाजारात भारतात बनवल्याचा शिक्का चालत नव्हता, त्यांचाच ऐवज इथल्या तिजोरीत. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या धरमतला भागात मोठी आग लागली. त्या आगीतून बाहेर काढलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत निघाला. यापेक्षा चांगली जाहिरात कुठली?

१९२३ मध्ये पोलादी कपाटं सुरू झाली. तिजोरी सावकाराची, कपाट मध्यमवर्गाचं. इथूनच गोदरेजचं कपाट हा शब्द मराठी घरात शिरला आणि तिथेच राहिला.

साबणाचं नाव चावी

अर्देशिर एका वस्तूवर थांबणारे नव्हते. तेव्हाच्या साबणांत जनावरांची चरबी असायची. ती न वापरता फक्त वनस्पती तेलांपासून साबण करता येतो, हे त्यांनी १९१८ च्या सुमारास करून दाखवलं. सुरुवातीच्या या साबणाचं नाव ठेवलं चावी. धंदा बदलला तरी कुलूप काही डोक्यातून गेलं नव्हतं.

स्वदेशीबद्दल त्यांची मतं स्पष्ट होती. दादाभाई नौरोजी यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि इंग्रजांच्या आर्थिक धोरणावर ते टीका करायचे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तब्बल ३ लाख रुपये दिले. पण स्वदेशी आहे म्हणून कमी दर्जाचा माल लोकांनी सोसावा, हे त्यांना मान्य नव्हतं. देशप्रेमापोटी कुणी न लागणारं कुलूप विकत घेतलं तर त्याचं घर फुटणारच, आणि चोर काही स्वदेशीचा विचार करत नाही. माल विलायतीच्या तोडीस तोड हवा आणि त्यावर भारताचा शिक्का हवा, या दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र हव्या होत्या.

१९२८ मध्ये त्यांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती दिला आणि नाशिकला शेती करायला निघून गेले. ज्याच्या तिजोऱ्यांवर राजे-रजवाडे भरवसा ठेवायचे, तो माणूस मातीत प्रयोग करत बसला. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं ते नाव.

त्या नावाची परीक्षा नंतरही होत राहिली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा भीषण स्फोट झाला. आसपासच्या आगीतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतली कागदपत्रं सुखरूप होती. आणि १९५१-५२ ला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा लाखो मतपेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. आधी लोकांचं सोनं, मग लोकांचं मत. २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबाने उद्योगाची वाटणी केली, पण आडनाव दोन्ही बाजूंना तेच आहे.

आज अलार्म घेताना अर्देशिर यांच्याकडून काय घ्यायचं?

खंडाळा, वाई, फलटण, कुठल्याही गावात जा. गणपती आणि यात्रा सोडली तर कुलूप लागलेली घरं दिसतातच. पोरं पुण्या-मुंबईत, म्हातारी माणसं कधी इकडे कधी तिकडे. अशा घरांसाठी अलार्म, कॅमेरा लावायची आता घाई असते. कंपनी कुठलीही असो, पैसे देण्याआधी काही प्रश्न विचारायलाच हवेत.

पहिला प्रश्न गॉर्डियन कुलपाचा, दुसरी किल्ली कुणाकडे? अलार्मच्या पॅनलला मालकाचा कोड असतो, तसा बसवणाऱ्याचाही असतो. कॅमेऱ्याला कंपनीतून आलेला पासवर्ड असतो. काम संपल्यावर दोन्ही आपल्या हाताने बदला. ॲपमध्ये कुणाकुणाचे नंबर जोडलेत ते बघा. फिटिंग करून गेलेल्या माणसाच्या फोनवर तुमचा हॉल दिसत राहिला, तर त्या कॅमेऱ्याचा उपयोग काय?

दुसरा प्रश्न स्प्रिंगचा, बिघडणारा भाग कोणता? आपल्याकडे तो वीज आणि नेटवर्क. वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालते, ती किती वर्षांनी बदलावी लागते, वायफाय बंद पडलं तर सिमकार्डवरून फोन लागतो का, त्या सिमचा रिचार्ज कोण करणार? अनेक अलार्म चोरामुळे हरत नाहीत, संपलेल्या रिचार्जमुळे हरतात.

तिसरा प्रश्न डिटेक्टर कुलपाचा, खबर मिळाल्यावर येणार कोण? काही कंपन्या फक्त यंत्र विकतात, घंटा वाजली की मेसेज तुम्हाला. काही कंपन्या महिन्याचे पैसे घेऊन स्वतः लक्ष ठेवतात. तुमच्याकडे यातलं काय आहे, हे बिलावर लिहून घ्या. तुम्ही हिंजवडीत आणि घर गावाकडे, अशा वेळी सायरन ऐकून बाहेर येणारा शेजारी कुठल्याही सेन्सरपेक्षा मोलाचा. त्याचा नंबर पहिला टाका. पोलिसांसाठी ११२ आहेच.

चौथा प्रश्न खोट्या घंटेचा. हालचाल ओळखणारे सेन्सर बहुधा उष्णतेतला बदल टिपतात. मांजर, ऊन पडल्यावर तापलेला पडदा, सेन्सरवरच फिरणारी पाल, यानेही ते वाजू शकतात. चार वेळा उगाच वाजलं की शेजारी पाचव्या वेळी उठत नाही, आणि मालक वैतागून अलार्म बंद करून टाकतो. म्हणून सेन्सर कुठे बसवतोय हे बसवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका.

पाचवा प्रश्न हमीचा. वॉरंटी किती, दुरुस्तीचा वार्षिक करार केवढ्याला, त्यात बॅटरी आणि येण्याजाण्याचा खर्च धरलाय का, रेकॉर्डिंग साठवायला दरवर्षी वेगळे पैसे लागतात का, कंपनीने सेवा बंद केली तर यंत्र चालू राहतं का? तोंडी आश्वासन हिशेबात धरू नका. पक्कं बिल घ्या. सेवा मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार करताना बिल लागतंच.

आणि या सगळ्याच्या आधी दार. कोयंडा चार छोट्या स्क्रूवर लटकलेला असेल आणि चौकट वाळवीने पोखरलेली असेल, तर दहा हजारांचा अलार्म लावून काही साधत नाही. अर्देशिर यांनी तिजोरी बनवताना आधी जोड बघितले होते, तसं घराचं दार आधी बघा.

शेवटची गोष्ट. बसवणारा माणूस पैसे घेऊन निघायच्या आधी त्याला थांबवा. घराचा मेन स्विच बंद करा, वायफाय बंद करा, मग दार उघडा आणि फोन वाजतो का ते बघा. जो विक्रेता यासाठी तयार होणार नाही, त्याचा माल घ्यायचा की नाही ते तिथेच ठरवा. अर्देशिर यांच्या तिजोऱ्या आगीत पारखल्या गेल्या, आपण निदान एक स्विच तरी बंद करून बघायला काय हरकत आहे?